नदीची प्रकृती कशी तपासावी?

वाळू उपशाचा विषय निघाला की बुडालेल्या महसुलाची आणि हायवांनी उखडलेल्या रस्त्यांची चर्चा होते. गोदावरीच्या प्रकृतीची विचारपूस मात्र क्वचितच होते. शहागडसारख्या काठावरच्या गावांच्या आरोग्याशी तिचा जवळचा संबंध आहे.

वाळू ही नदीची गाळणी आहे. तिच्यातून झिरपताना पाण्यातला गाळ व काही जंतू अडतात आणि काठच्या विहिरींना पाणी मिळते. शिंपले, किड्यांच्या अळ्या, माशांची अंडी यांचे घरही तेच. पोकलेनने वाळू उपसली की हे घर मोडते. बारीक माती पाण्यात तरंगत राहते, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचत नाही, शेवाळ वाढत नाही. माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो, अंडी गाळाखाली गुदमरतात.

मग निदान कसे करावे? बाटलीभर पाण्याची तपासणी फक्त त्या दिवसाचे सांगते, उपाशीपोटी केलेल्या साखरेच्या तपासणीसारखी. तळाचे जीव मात्र कित्येक महिन्यांचा हिशेब देतात. म्हणून शास्त्रज्ञ उपशाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, एकाच हंगामात, सारख्याच खोलीवर तळाचे जीव मोजतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असतेच; शिवाय जायकवाडीतून पाणी सुटले की प्रवाह बदलतो. त्यामुळे पाणी स्थिरावल्यावर, हिवाळ्यात, पाहणी करणे बरे. वरच्या अंगाला शिंपले, चतुराची पिले, दगडाला चिकटलेले तऱ्हेतऱ्हेचे किडे सापडले आणि खाली केवळ लाल अळ्या व गांडुळासारखे किडे उरले, तर नदी आजारी आहे असे समजावे. अर्थात गावाचे सांडपाणी मध्येच मिळत नाही ना, हेही पाहावे. त्यानेही हीच लक्षणे दिसतात.

याचा आपल्या आरोग्याशी संबंध काय? गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीनचा परिणाम कमी होतो. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एककापर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तरच 5 पर्यंत चालतो, असे भारतीय मानक सांगते. पात्रातल्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात मलेरियाचे डास वाढतात. वरून उथळ दिसणाऱ्या खड्ड्यात पोहायला उतरलेली मुले बुडतात, ते वेगळेच.

घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, ते निवळू द्यावे, वरचे पाणी कापडाने गाळून घ्यावे. नंतर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबावे किंवा पाणी उकळावे. मुलांना खड्ड्यांजवळ जाऊ देऊ नये.

पण हे झाले लक्षणांवरचे उपचार. पाच हेक्टरपेक्षा लहान वाळूपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बजावले आहे. तेव्हा ग्रामसभेत दोन प्रश्न जरूर विचारा : उपशाआधी नदीची तपासणी झाली होती का? आणि उपशानंतर कोण करणार? पहिली नोंदच नसेल, तर दुखणे किती वाढले हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही.