दादाची वही

माझा दादा ४७ वर्षांचा आहे. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, जवळचं बघायला चष्मा लागतो. तरी डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसताना अजून ऐकू येतं, ‘ताई, बाळाला जरा आत सरकवा.’ डॉक्टर त्याची नाडी बघतात आणि प्रश्न मला विचारतात, ‘काय होतंय याला?’ दादा समोरच बसलेला असतो. पोट कुठे दुखतं ते त्याला बोटाने नेमकं दाखवता येतं.

त्याला मध्यम स्वरूपाचं बौद्धिक अपंगत्व आहे. जन्मल्यावर तो उशिरा रडला, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. आमच्या लहानपणी ‘मतिमंद’ हा शब्द होता, मग ‘विशेष’ आला, आता ‘दिव्यांग’ म्हणतात. यात एक शब्द मात्र जागचा हलला नाही, तो म्हणजे ‘मुलं’. ‘आपल्या मुलांची सहल आहे’ अशी चिठ्ठी दादा काम करतो त्या कार्यशाळेतून येते, आणि त्या मुलांपैकी निम्म्यांनी चाळिशी ओलांडलेली असते. शब्दाला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. आमच्या घरातही तो शब्द होता आणि त्याची किंमत आम्ही सहा वर्षांपूर्वी मोजली.

आई तेव्हा ७२ वर्षांची होती. बाबा आधीच गेले होते. डोंबिवलीत मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत आई आणि दादा दोघंच राहायचे आणि मी लग्नानंतर ठाण्याला नौपाड्यात. एका सकाळी आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी तिला रुग्णालयात नेलं, मी ठाण्याहून परस्पर तिकडे धावले. शस्त्रक्रियेची तारीख, रक्त, पैसे या धावपळीत संध्याकाळचे सात वाजले. दादाला शेजारच्या काकूंनी दुपारी आपल्या घरून भाजी-पोळी आणून दिली होती. मी दार उघडलं तेव्हा ताट टेबलावर तसंच झाकलेलं होतं आणि दादा त्याच्यासमोर खुर्चीत बसून होता. सकाळपासून तो उपाशी होता.

त्याला भूक कळत नव्हती असं नाही. झाकण उचलून आपलं आपण जेवायचं असतं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ‘जेव रे बाळा’ हे शब्द आले की जेवायचं, हा ४१ वर्षांचा शिरस्ता. आईने मायेने घास भरवले आणि त्या मायेतच त्याचे हात तसेच राहून गेले. यात आईचा दोष मी काढणार नाही. तिला शिकवायला कोण होतं?

बौद्धिक अपंगत्व म्हटलं की लोक बुद्ध्यंकाचा आकडा विचारतात. निदान करताना तज्ज्ञ आणखी एक गोष्ट बघतात. रोजच्या जगण्याशी माणूस किती जुळवून घेतो? आंघोळ, कपडे, पैसे, वेळ, रस्ता, ओळखीचा आणि अनोळखी माणूस, नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणणं. आकडा फारसा हलत नाही. ही दुसरी बाजू मात्र चाळिशीतही हलते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आईच्या त्या अपघातानंतर कार्यशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिला धडा दिला तो सदऱ्याच्या गुंड्यांचा. एखादं काम आपण एक समजतो, पण ते पंधरा-वीस पायऱ्यांचं असतं. सदरा उलटा की सुलटा ते ओळखणं, एक हात बाहीत घालणं, पाठीमागून दुसरी बाही शोधणं, दोन्ही टोकं खाली जुळवणं. बाई म्हणाल्या, या पायऱ्या कागदावर लिहून काढा आणि शिकवायला शेवटापासून सुरुवात करा. म्हणजे सहा गुंड्यांपैकी पाच आपण लावायच्या, शेवटची त्याने. ती जमली की चार आपण, दोन त्याने. आधी मला हे उफराटं वाटलं. पण यात काम पूर्ण करण्याचा क्षण दर वेळी त्याच्या वाट्याला येतो. पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं तर तो अर्ध्यावर थकला असता आणि शेवट रोज आम्हीच केला असता. हात धरून दाखवायचं, मग नुसतं कोपराला बोट लावायचं, मग तोंडाने सांगायचं, मग गप्प राहायचं. यातलं गप्प राहणं सगळ्यात अवघड. श्रावणात सुरू केलं आणि दिवाळीला त्याने बाबांचा निळा सदरा पहिल्यापासून शेवटच्या गुंडीपर्यंत एकट्याने घातला. टी-शर्टने काम सोपं झालं असतं, पण त्याला तो सदराच हवा होता.

त्या भाऊबीजेला आणखी एक गोष्ट घडली. दरवर्षी मी ओवाळलं की आई मागून त्याच्या मुठीत नोट सरकवायची आणि तो ती तबकात टाकायचा. या वेळी त्याने स्वतःच्या खिशातून शंभराची नोट काढली. उटण्याची पाकिटं भरून, पणत्या रंगवून कार्यशाळेत मिळालेल्या पैशांतली. ती नोट मी अजून मोडलेली नाही.

पैसे शिकवणं सोपं गेलं नाही. दादा आकड्यांपेक्षा रंगांवर नोटा ओळखायचा. शंभराची नोट म्हणजे ‘निळी’. २०१७ साली पन्नासाची नवी नोट आली ती निळी आणि पुढच्या वर्षी शंभराची आली ती जांभळट. आपण दोन दिवसांत सरावलो, त्याचं सगळं गणित उलटंपालटं झालं. आम्ही खऱ्या नोटा पुठ्ठ्यावर लावून प्रत्येकीखाली चित्र काढलं. चॉकलेटी दहाखाली बिस्किटपुडा, निळ्या पन्नासखाली केळी. आता दुकानदार क्यूआर कोडकडे बोट दाखवतात तेव्हा तो गोंधळतो. त्यावर आमच्याकडे अजून तोडगा नाही.

चहा मात्र पटकन जमला. गॅसची भीती म्हणून इंडक्शनची शेगडी आणली, भिंतीवर पाच फोटो ओळीने चिकटवले. तिसऱ्या दिवशी त्याने केलेला चहा मी घेतला आणि म्हटलं, ‘दादा, आलं राहिलं.’ तो म्हणाला, ‘नको. आवडत नाही.’ आई ऐकत होती. चाळीस वर्षं ती त्याला आल्याचा चहा देत होती आणि तो पीत होता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात दोन चहा होऊ लागले.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींच्या आयांचा प्रश्न आणखी कठीण असतो. पाळीच्या दिवसांत काय करायचं हेही पायऱ्यापायऱ्यांनी शिकवता येतं. वेळ लागतो, पण शिकवता येतं. ते न करता काय घडू शकतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या तरुणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना कुणी काही विचारलं नव्हतं.

मी स्वतः सगळ्यात जास्त घाबरले ती दादाला एकट्याने दूध आणायला शिकवताना. डेअरी रस्त्यापलीकडे. महिनाभर मी शनिवार-रविवार त्याच्यासोबत गेले, मग वीस पावलं मागे राहिले, मग गॅलरीत उभी राहिले. एका पावसाळी सकाळी तो चाळीस मिनिटं आला नाही. धावत खाली गेले तर दादा रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभा. गाड्या थांबेनात आणि सोबत ओलांडणारं कुणी नव्हतं, म्हणून तो थांबला होता. मी शिकवलं होतं तसंच. आई म्हणाली, ‘पुरे झालं आता, त्याला पाठवू नकोस.’ मीही तेच ठरवत होते.

बाईंनी तेव्हा मला रॉबर्ट पर्स्के या अमेरिकन लेखकाबद्दल सांगितलं. अपंग माणसांना प्रत्येक धोक्यापासून वाचवलं तर त्यांचा माणूस म्हणून असलेला मान आपण काढून घेतो, असं त्याने १९७२ साली मांडलं होतं. ठेच लागण्याची शक्यता ही मोठं होण्याचाच भाग आहे. मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा दुधाला गेला. खिशात नाव-पत्ता आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड होतं.

कायद्याची बाजू बहुतेक पालकांना उशिरा कळते, आम्हालाही तशीच कळली. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि पालकत्वासाठी अर्ज तिच्याकडे करायचा असतो. कल्याण-डोंबिवलीकरांसाठीही ते ठिकाण ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि त्याला वयाची अट नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणखी पुढे जातो. पालक नेमला तरी निर्णय शक्यतो त्या व्यक्तीबरोबर बसून, तिची इच्छा समजून घ्यावेत, अशी त्याची दिशा आहे. एका बँकेत मला सांगण्यात आलं, ‘यांना बाहेर बसवा, सही तुम्हीच करा.’ मी दादाला आत बोलावलं आणि त्याच्या खात्याचं काम त्याच्यासमोर केलं.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक पालक सभेत दबक्या आवाजात निघतो: ‘आमच्या माघारी काय?’ तो आता पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे, कारण ही माणसं जास्त जगू लागली आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुष्य अमेरिकेत १९८३ च्या सुमारास पंचवीस वर्षं होतं, आज ते साठीच्या घरात आहे. म्हणजे लेकरू आपल्या आधी जाईल हा जुना, न बोललेला हिशेब चुकला. आपल्या भागात हा प्रश्न पालकांनीच हाती घेतला. अविनाश बर्वे आणि त्यांच्यासारख्या पालकांच्या अमेय पालक संघटनेने डोंबिवलीजवळ खोणी गावात ‘घरकुल’ उभं केलं. बदलापूरजवळ पालकांच्याच ‘आधार’ संस्थेत प्रौढ कायमचे राहतात. ठाणे महापालिका ‘जिद्द’ ही विशेष शाळा चालवते. शाळा हव्यातच, पण शाळा संपल्यानंतर पुढची चाळीस वर्षं असतात. पालिकांनी साध्या इमारतींत, चार-पाच जणांना एका सोबत्यासह राहता येईल अशी छोटी घरं काढावीत. गावाबाहेरच्या मोठ्या वसतिगृहांइतकीच त्यांची गरज आहे. दूधवाला, देऊळ, ओळखीचा न्हावी यांच्यात राहिलेल्या माणसाला उतारवयात तिथून उचलणं हे मोठं दुःख आहे.

दादा पुढे कुठे राहील ते अजून ठरलेलं नाही. आई ७८ वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. पण आईच्या डोक्यात होतं ते सगळं आता एका दोनशेपानी वहीत आहे. फिट येत असे तेव्हाच्या गोळ्या, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठतं, फटाक्यांना घाबरतो, न्हाव्याचं दुकान, रक्तगट, दिव्यांग प्रमाणपत्र कुठल्या कपाटात, कोणत्या कामाच्या किती पायऱ्या आल्या आणि किती बाकी.

तुमच्या घरात असा भाऊ किंवा बहीण असेल, तर आईवडील धडधाकट असतानाच अशी वही घाला. रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. मात्र पहिलं पान कोरं ठेवा. तिथे काय लिहायचं ते त्याला किंवा तिला विचारा आणि सांगतील तसंच लिहा.