हानकौ : वुहानात मिसळून गेलेलं बंदर

मुलांनो, आपल्या शाळेच्या कपाटात एक जुना नकाशासंग्रह आहे. त्यात चीनच्या पानावर यांगत्से नदीच्या काठी 'हँकाव' हे गाव चांगलं ठळक छापलेलं आहे. भिंतीवरच्या नव्या नकाशात मात्र त्याच ठिकाणी 'वुहान' लिहिलंय. "गुरुजी, मग हँकाव गेलं कुठं?" असं सातवीच्या दोघातिघांनी विचारलं. हे उत्तर तासाच्या पाच मिनिटांत मावणारं नाही, म्हणून इथं लिहितो.

पहिल्यांदा नावाचं बघू. चिनी उच्चार साधारण 'हानकौ' असा आहे. इंग्रजांनी तो आपल्या पद्धतीनं लिहिला आणि आपल्याकडं त्याचं हँकाव झालं. 'हान' हे नदीचं नाव आणि 'कौ' म्हणजे तोंड. हान नदी जिथं यांगत्सेला मिळते ते ठिकाण म्हणजे हानकौ. नावातच गावाचा पत्ता आहे, बरं का.

या संगमावर तीन गावं होती. यांगत्सेच्या पूर्वेला वूचांग, पश्चिमेला हानयांग आणि हानयांगच्या उत्तरेला, हान नदीपलीकडं, हानकौ. वूचांग आणि हानयांग फार जुनी, तटबंदीची, सरकारी कचेऱ्यांची गावं. हानकौ त्या मानानं अगदी धाकटं. त्याचा जन्मच नदीच्या खोडीतून झाला. पूर्वी हान नदी हानयांगच्या कासव टेकडीच्या दक्षिणेनं यांगत्सेला मिळायची. चेंगह्वा बादशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १४६५ ते १४८७ च्या दरम्यान, तिनं आपला मार्ग बदलला आणि टेकडीच्या उत्तरेनं वाहू लागली. नव्या तोंडापाशी काठ चांगला होता, होड्या नांगरायला जागा होती. पलीकडं नुसती दलदल आणि बोरूची बेटं. तिथं आधी झोपड्या पडल्या, मग वखारी झाल्या, मग दुकानं आली. शंभर-दीडशे वर्षांत ती चीनमधल्या चार नामांकित बाजारपेठांपैकी एक झाली!

तिथं काय यायचं? मीठ, तांदूळ, चहा, कापूस, लाकूड, औषधी मुळ्या. नकाशात बोट ठेवून बघा. यांगत्से पश्चिमेकडून पूर्वेला सगळा चीन कापत जाते. वायव्येकडचा माल हान नदीनं उतरतो, दक्षिणेकडचा हूनान प्रांतातून येतो, आणि पूर्वेला शांघायपर्यंत पाण्याची वाट मोकळी. चारी बाजूंचा माल याच एका ठिकाणी अदलाबदल व्हायचा. हान नदीच्या काठानं एक लांबलचक रस्ता होता, तोच मुख्य बाजार. त्याचं नाव हानचंग रस्ता. १९७९ साली सरकारनं तिथं पुन्हा खाजगी दुकानदारांना परवाने दिले, तेव्हा किरकोळ मालाच्या बाजारासाठी तो देशभर गाजला.

मला या गावाची एक गोष्ट फार नवलाची वाटते. एवढी मोठी पेठ, पण कित्येक वर्षं तिला स्वतःचं वेगळं सरकार नव्हतं. कारभार हानयांगच्या अधिकाऱ्याकडं, आणि तो बसायचा नदीच्या पलीकडं! मग गाव चालवायचं कोणी? व्यापाऱ्यांनी. एकेका प्रांतातून आलेल्या लोकांचा आपापला संघ असायचा. शान्सीवाल्यांचा वेगळा, ह्वेजोवाल्यांचा वेगळा. संघाची मोठी वास्तू असायची, तिच्यात देऊळ, सभागृह, नाटकाचा मंच. मापं-वजनं ठरवणं, भांडणं मिटवणं, आग विझवायची माणसं ठेवणं, वाटा दुरुस्त करणं, परगावी मेलेल्याच्या शेवटच्या विधींची सोय करणं, हे सगळं संघ बघायचे. हानकौच्या बाजारात उभं राहिलं तर दहा बोली ऐकू यायच्या असं म्हणतात.

आता जरा वाईट भाग. इंग्रज चीनमध्ये अफू विकत होते. त्यातली बरीच आपल्याच देशातली, माळव्यातली अफू तर मुंबई बंदरातून जायची. त्यावरून दोन लढाया झाल्या. दुसऱ्या लढाईत १८५८ साली तिआनजिनचा तह झाला आणि यांगत्सेवरची बंदरं परदेशी व्यापाराला उघडावी लागली. हानकौ उघडलं १८६१ साली. समुद्रापासून सुमारे हजार किलोमीटर आत असलेलं हे गाव, पण पावसाळ्यात नदी भरली की समुद्रातली मोठी जहाजं थेट धक्क्याला लागायची. इंग्रजांनी नदीकाठची जागा भाडेपट्ट्यानं घेऊन तिथं आपलीच वस्ती केली, आपलेच कायदे आणि आपलेच पोलीस. त्या पोलिसांत पगडीवाले शीख शिपाईही होते. पुढं १८९५ ते १८९८ मध्ये जर्मन, रशियन, फ्रेंच आणि जपानी, सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला. नदीकाठच्या सरळ रेषेत पाच देशांच्या वस्त्या! मालक चिनी, पण आपल्याच गावच्या घाटावर त्याला परक्याचं ऐकावं लागायचं.

रशियनांचं मन चहावर होतं. ते चहाचा चुरा वाफवून, साच्यात दाबून विटा करायचे. वीट फुटत नाही, सांडत नाही, महिनोन् महिने टिकते. अशा विटा होड्यांनी, मग उंटांच्या पाठीवरून मंगोलियातून सैबेरियात जायच्या. इंग्रज मात्र हळूहळू आसाम आणि सिलोनच्या चहाकडं वळले आणि हानकौचं ते गिऱ्हाईक तुटलं. पुढं १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि विटांचाही धंदा बसला. दूरदेशी कोणी काय प्यावं यावर गावच्या हमालाची भाकरी अवलंबून, अशी ही गत.

पाण्याचं भय तर जन्मापासूनचंच. जमीन सखल, दोन्हीकडं नद्या. १६३५ मध्ये एक बांध घातला गेला. मग १८६४ साली बंडखोरांच्या भीतीनं मागच्या बाजूला तट बांधला. पुढं चांग चिदुंग नावाचे मोठे सुभेदार आले. त्यांनी हानयांगला लोखंडाचा कारखाना काढला, १८९९ साली हानकौचा कारभार हानयांगपासून वेगळा केला आणि १९०५ साली गावामागं मोठा बांध घातला. बांधाच्या आतली दलदल सुकली आणि गावाला एकदम ऐसपैस जागा मिळाली. जुना तट पाडून तिथं रस्ता केला. १९०६ साली पेकिंगहून आगगाडी येऊन पोचली. त्या काळी हानकौचा थाट विचारू नका!

पण लगेच १९११ उजाडलं. ९ ऑक्टोबरला हानकौच्या रशियन वस्तीत क्रांतिकारकांचा बाँब चुकून फुटला, गुपित उघडं पडलं आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या वूचांगमध्ये उठाव झाला. त्यातून चीनची बादशाही गेली. मात्र हानकौवर ताबा मिळवताना बादशहाच्या फौजेनं बाजाराला आग लावली. कित्येक दिवस गाव जळत होतं. क्रांतीचं नाव झालं वूचांगचं, घरं जळली हानकौची. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात, ते मला बरं वाटत नाही.

तीन गावं एक करायचा पहिला मोठा प्रयत्न १९२७ मध्ये झाला. त्याच वर्षी लोकांच्या रेट्यानं इंग्रजांना आपली वस्ती परत द्यावी लागली. राष्ट्रीय सरकारनं वूचांगातला 'वू' आणि बाकी दोघांतला 'हान' घेऊन 'वुहान' हे नाव चालवलं. पण ही जोड टिकली नाही, हानकौ पुन्हा वेगळं झालं. १९३१ साली बांध फुटले आणि महिनाभराहून अधिक काळ रस्त्यांतून होड्या फिरत होत्या.

इथं आपला एक धागा जुळतो. १९३७ च्या डिसेंबरात जपान्यांनी नानकिंग घेतलं, तेव्हा चिनी सरकारच्या बऱ्याच कचेऱ्या हानकौला आल्या होत्या. काँग्रेसनं चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. १९३८ च्या सप्टेंबरअखेर ते हानकौला पोचले आणि तिथल्या जखमींची शुश्रूषा करू लागले. महिनाही झाला नाही तोच गाव सोडावं लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी हानकौ जपान्यांच्या हाती पडलं. कोटणीस पुढं येनानला आणि तिथून लढाईच्या मुलखात गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडंच वारले.

१९४९ साली नव्या राजवटीत तिन्ही गावं कायमची एक झाली आणि हानकौ हे शहर म्हणून कागदावरून पुसलं गेलं. पण कागदावर जोडलं म्हणून गाव जुळत नाही, मध्ये केवढी नदी! उत्तरेकडची गाडी हानकौपर्यंत यायची आणि डबे नावेवर चढवून वूचांगला न्यावे लागायचे. १९५६ मध्ये हान नदीवर पूल झाला आणि १५ ऑक्टोबर १९५७ ला यांगत्सेवरचा मोठा पूल खुला झाला. लांबी १६७० मीटर, वर मोटारींचा रस्ता, खाली आगगाडी. माझ्या मते वुहान खरं झालं ते या दिवशी.

त्याआधी १९५४ साली पाणी १९३१ पेक्षाही वर चढलं होतं. १९३१ ची पातळी होती २८.२८ मीटर, या वेळी २९.७३. लाखो माणसांनी रात्रंदिवस माती टाकून बांध उंच केला आणि शहर वाचलं. पण नदीचा जोर कमी करायला वरच्या अंगाला दरवाजे उघडून पाणी खेड्यांत आणि शेतांत सोडावं लागलं. शहर वाचवायला कोणाचं तरी शेत बुडालं, हेही ध्यानात ठेवा.

आज हानकौ म्हणजे वुहानचे तीन प्रशासकीय भाग : च्यांगआन, च्यांगहान आणि छ्याओकौ. सगळ्या वुहानची वस्ती २०२० च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास भरली. त्याच वर्षी जानेवारीत करोनामुळं शहर बंद झालं, तेव्हा ज्या मासळी बाजाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तो हानकौच्याच भागात, रेल्वे स्टेशनाजवळ होता. त्या स्टेशनाची पाटी अजून 'हानकौ' अशीच आहे. १९२४ साली बांधलेल्या जकात कचेरीचा मनोरा नदीकाठी उभा आहे, आत आता संग्रहालय आहे. आणि तिथल्या माणसाला घर कुठं म्हणून विचारलं तर तो अजूनही हानकौ, हानयांग किंवा वूचांग असंच सांगतो म्हणे.