सोळा तासांचा उपास: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

‘इंटरमिटंट फास्टिंग’ हे नाव मराठी घरांत रुळण्याआधी दीक्षित डाएट रुळलं होतं. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी व्याख्यानांतून सर्वदूर पोचवलेली ती पद्धत म्हणजे कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपायचं. आता जोडीला 16:8 आलं आहे: सोळा तास उपाशी, उरलेल्या आठ तासांत सगळं खाणं. दोन्हींभोवती ऐकीव गोष्टींचं रान माजलंय.

‘सोळा तास भरले की चरबी आपोआप जळते’

हा सगळ्यात पक्का गैरसमज. उपाशीपोटी इन्सुलिन उतरतं आणि शरीर साठलेल्या चरबीला हात घालतं, इथवर खरं. पण जेवलं की तीच चरबी पुन्हा साठू लागते. शेवटी दिवसभरात खाल्लं किती आणि खर्चलं किती, यावरच वजन ठरतं.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेला एक प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना उष्मांक बेतूनच दिले होते, मात्र एका गटानं सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळात खायचं होतं. वर्षअखेरीस त्या गटाचं वजन सरासरी 8 किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं 6.3 किलोंनी, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. त्याआधी, 2020 मध्ये, अमेरिकेतल्या 116 जणांच्या प्रयोगात उष्मांकांचं बंधनच नव्हतं. एका गटानं फक्त दुपारी 12 ते रात्री 8 खायचं, दुसऱ्यानं तीन वेळा नेमानं जेवायचं. बारा आठवड्यांनी आठ तासवाल्यांची घट सरासरी एक किलोच्याही आत होती आणि तीन वेळा जेवणाऱ्यांहून फारशी वेगळी नव्हती.

मग हे सगळं थोतांड का? नाही. पोळी, भाजी, आमटी, भात अशा ताटातले उष्मांक रोज कोण मोजणार? त्यापेक्षा ‘आठनंतर काही नाही’ हा नियम पाळायला सोपा. रात्री टीव्हीसमोरचा चिवडा, झोपण्यापूर्वीचं दूध-बिस्किट, येता-जाता तोंडात टाकलेलं फरसाण सुटलं, तर दिवसाचं खाणं खरोखरच घटतं. माझ्या मते या पद्धतीचा मोठा गुण हाच आहे. पण सोळा तासांची भरपाई आठ तासांत केली, तर घड्याळ काय करणार?

‘पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले!’

गेलं ते बरंचसं पाणी. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठलेली असते आणि प्रत्येक ग्रॅममागे तिच्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा उतरला की पाणीही जातं. पुढे काटा रेंगाळतो, आणि पुष्कळांचा धीर तिथेच सुटतो.

‘उपासाचं चालतं की’

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे सुमारे 350 उष्मांक. त्यात बहुतेक सगळा स्टार्च, प्रथिनं नावाला. त्यावर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. धार्मिक उपासाचा हिशेब वेगळा. त्याच्याशी माझं भांडण नाही. इथे मात्र उपाशी वेळात पाणी, कोरा चहा, कोरी कॉफी, बस. दूध-साखरेच्या चहानं उपास मोडतो, कप कितीही छोटा असो.

‘नाश्ता चुकवला की चयापचय मंदावतो’

एक वेळ न खाल्ल्यानं असं होत नाही. 2019 मध्ये तेरा प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा नाश्ता करणारेच दिवसाला सरासरी 260 उष्मांक जास्त खात असल्याचं दिसलं. ज्याला सकाळी भूक लागते त्यानं पोहे जरूर खावेत. पण वजन घटावं म्हणून बळजबरीनं खायचं काही कारण नाही.

काळजी करायची तर स्नायूंची. दोनच जेवणांत दिवसभराची प्रथिनं बसवायची असतात. निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम हे आयसीएमआरचं प्रमाण आहे. वरणाच्या दोन पळ्यांनी ते भरत नाही. उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक ताटात हवं, आणि चालण्यासोबत थोडा वजनांचा व्यायामही.

‘शेजारच्यांना मानवलं, मग आपल्यालाही चालेल’

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याशी निगडित मानसिक आजार झालेल्यांनी या वाटेला जाऊ नये. मधुमेहींनी तर आधी आपली औषधं पाहावीत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण टाळलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर लांब उपास केल्यास रक्तात कीटोन वाढून जिवावर बेतू शकतं, तेही कधीकधी साखर फारशी वाढलेली नसताना. डोस बदलायचा की उपासच करायचा नाही, हे पहिलं जेवण सोडण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बाकीच्यांनी बारा तासांपासून सुरुवात करावी: रात्री आठला जेवण, सकाळी आठला पहिला घास. महिनाभर ते निभलं, की मग चौदा.