मिस्टर फ्रीझ

मिस्टर फ्रीझ हे डीसी कॉमिक्सच्या अमेरिकन चित्रकथांमधील एक काल्पनिक खलपात्र असून बॅटमॅनच्या प्रमुख शत्रूंमध्ये त्याची गणना होते. पात्राचे मूळ नाव डॉ. व्हिक्टर फ्रीझ असे आहे. आडनाव आणि टोपणनाव रोमन लिपीत वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जात असले, तरी दोहोंचा उच्चार एकच आहे. अतिशीत तापमानाचा अभ्यासक असलेला हा शास्त्रज्ञ एका अपघातानंतर केवळ गोठणबिंदूखालील तापमानातच जिवंत राहू शकतो. त्यासाठी तो शरीर थंड ठेवणारा बंदिस्त पोशाख वापरतो आणि समोरच्यास क्षणात गोठवणारी बंदूक बाळगतो.

हे पात्र १९५९ मध्ये 'मिस्टर झीरो' ह्या नावाने प्रथम प्रकाशित झाले. पुढील तीन दशके ते विनोदी ढंगाचे दुय्यम पात्र राहिले. १९९२ मधील 'हार्ट ऑफ आइस' ह्या सचेतपटाच्या भागाने त्यास आजारी पत्नीसाठी झुरणाऱ्या पतीची पूर्वकथा दिली आणि आज परिचित असलेले त्याचे शोकात्म रूप घडवले. कॉमिक्समधील पात्रास अन्य माध्यमातून नवा अर्थ मिळाल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

निर्मिती आणि आरंभीचा काळ

'बॅटमॅन' ह्या नियतकालिकाच्या फेब्रुवारी १९५९ च्या १२१ व्या अंकात मिस्टर झीरोची कथा प्रसिद्ध झाली. पात्राच्या निर्मितीचे श्रेय लेखक डेव्ह वुड, चित्रकार शेल्डन मोल्डॉफ आणि बॅटमॅनचे सहनिर्माते बॉब केन यांना दिले जाते. मोल्डॉफ यांनी ह्या काळात केन यांच्या वतीने पडद्याआडून चित्रे काढली. त्यामुळे छापील अंकांवर बराच काळ केवळ केन यांचे नाव येत असे.

मूळ कथेतील मिस्टर झीरो हा गोठवणाऱ्या बंदुकीवर प्रयोग करणारा एक शास्त्रज्ञ आहे. प्रयोगात झालेल्या अपघातामुळे त्यास थंड वातावरणाविना जगणे अशक्य होते आणि तो गुन्हेगारीकडे वळतो. हिरे व मौल्यवान रत्ने लुटणे हा त्याचा उद्योग आहे. अमेरिकन बोलीत हिऱ्यांना 'बर्फ' म्हणण्याची जुनी पद्धत असल्याने ह्या निवडीत एक शाब्दिक कोटीही आहे. कथेच्या शेवटी वाफेची नळी फुटून सुटलेल्या उष्णतेमुळे तो पूर्ववत होतो. त्यास कुटुंब, भूतकाळ वा सूडाचे कारण दिलेले नव्हते.

ही रचना त्या काळास अनुसरून होती. अमेरिकन प्रकाशकांनी १९५४ मध्ये 'कॉमिक्स कोड' ही आचारसंहिता स्वीकारल्यानंतर हिंसाचाराच्या चित्रणावर बंधने आली. बॅटमॅनच्या कथांत चमत्कृतीपूर्ण शस्त्रे आणि एखाद्या कल्पनेभोवती रचलेले गुन्हेगार यांचे प्रमाण वाढले. मिस्टर झीरो हा अशाच गुन्हेगारांपैकी एक होता.

दूरचित्रवाणी मालिका आणि नामांतर

ॲडम वेस्ट यांची प्रमुख भूमिका असलेली 'बॅटमॅन' ही दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६८ ह्या काळात प्रसारित झाली. तीत ह्या पात्रास 'मिस्टर फ्रीझ' हे नाव देण्यात आले. जॉर्ज सँडर्स, चित्रपट दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर आणि ईलाय वॉलाक अशा तीन अभिनेत्यांनी ही भूमिका साकारली. फ्रीझच्या अड्ड्यात त्याच्यासाठी थंड आणि इतरांसाठी उबदार असे विभाग दाखवण्यासाठी निळ्या व तांबड्या प्रकाशाचा वापर करण्यात आला. मालिकेच्या लोकप्रियतेमुळे कॉमिक्सनेही १९६८ मध्ये हेच नाव स्वीकारले. मात्र नाव बदलले तरी पात्राचा स्वभाव फारसा बदलला नाही.

'हार्ट ऑफ आइस' आणि पात्राची पुनर्रचना

'बॅटमॅन: दि ॲनिमेटेड सिरीज' ह्या सचेत मालिकेतील 'हार्ट ऑफ आइस' हा भाग ७ सप्टेंबर १९९२ रोजी प्रसारित झाला. त्याचे लेखन पॉल डिनी यांनी, तर दिग्दर्शन ब्रूस टिम यांनी केले. पात्राचे नवे दृश्यरूप चित्रकार माइक मिन्योला यांनी आखले आणि त्यास मायकेल अँसारा यांनी आवाज दिला. ह्या भागाच्या लेखनास डेटाइम एमी पुरस्कार मिळाला.

ह्या कथेनुसार डॉ. व्हिक्टर फ्रीझ हा 'गॉथकॉर्प' नावाच्या कंपनीत संशोधक असतो. त्याची पत्नी नोरा असाध्य रोगाने आजारी असते. उपचार सापडेपर्यंत तिचे प्राण टिकावेत म्हणून तो तिला कंपनीच्या उपकरणांच्या साहाय्याने गोठवून ठेवतो. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल हा खर्चाचे कारण सांगून प्रयोग बंद पाडतो आणि झटापटीत व्हिक्टरला रसायनांवर ढकलतो. व्हिक्टर जगतो, परंतु त्याचे शरीर कायमचे बदलते. नोरा मरण पावली असे समजून तो बॉइलवर सूड उगवण्याची तयारी करतो. दरम्यान बॉइल हा लोकोपकारी उद्योजक म्हणून सन्मान स्वीकारत असतो.

कथेच्या उत्तरार्धात बॅटमॅनला बॉइलच्या कृत्याचे चित्रमुद्रण सापडते. सर्दी झालेल्या बॅटमॅनसाठी त्याचा सेवक आल्फ्रेड याने थर्मासमध्ये दिलेले गरम सूप अखेर फ्रीझच्या शिरस्त्राणाची काच तडकवण्यास उपयोगी पडते. फ्रीझला अटक होते; मात्र चित्रमुद्रण वार्ताहराच्या हाती जाऊन बॉइलचेही पितळ उघडे पडते. अखेरच्या दृश्यात फ्रीझ कोठडीत एकटा बसून नर्तकीची लहानशी आकृती असलेला काचेचा गोल न्याहाळताना दिसतो.

ह्या पुनर्रचनेतील मुख्य बदल हा थंडीच्या अर्थात आहे. मिस्टर झीरोसाठी थंडी हे लुटीचे साधन होते. व्हिक्टर फ्रीझसाठी ती पत्नीला वाचवण्याचा अखेरचा मार्ग, स्वतःवर कोसळलेली शिक्षा आणि भावना गोठल्याचे बाह्य चिन्ह अशा तिन्ही रूपांत येते. अँसारा यांचा संथ व यांत्रिक स्वर ह्याच कल्पनेस पूरक ठरला. फ्रीझचे गुन्हे कथेत समर्थनीय ठरवलेले नाहीत, परंतु मूळ अन्याय कायद्याच्या चौकटीत वावरणाऱ्या प्रतिष्ठित माणसाने केला आहे, हेही कथा स्पष्टपणे मांडते.

पुढील रूपांतरे

डिनी यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या 'बॅटमॅन: मिस्टर फ्रीझ' ह्या विशेष अंकाने नोराची कथा मुख्य कॉमिक्समध्ये आणली. त्याच वर्षी जोएल शूमाखर दिग्दर्शित 'बॅटमॅन अँड रॉबिन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी फ्रीझची भूमिका केली. चित्रपटाने आजारी पत्नीची पूर्वकथा स्वीकारली, मात्र संवादांत बर्फ व थंडीवरील कोट्यांची रेलचेल ठेवली. त्यामुळे १९६० च्या दशकातील विनोदी फ्रीझ आणि १९९२ चा शोकात्म फ्रीझ ही दोन रूपे एकाच पात्रात शेजारी शेजारी आली. चित्रपटावर प्रतिकूल टीका झाली आणि त्यानंतर बॅटमॅनचा पुढील कथाचित्रपट 'बॅटमॅन बिगिन्स' २००५ मध्येच आला.

'बॅटमॅन अँड मिस्टर फ्रीझ: सबझीरो' हा सचेतपट १९९८ मध्ये प्रकाशित झाला. नोराला अवयवरोपणाची गरज असल्याने फ्रीझ जुळणारा रक्तगट असलेल्या बार्बरा गॉर्डनचे अपहरण करतो, असे त्याचे कथानक आहे. रॉकस्टेडी स्टुडिओजच्या 'बॅटमॅन: आर्खम सिटी' (२०११) ह्या व्हिडिओ गेममधील फ्रीझ खेळाडूच्या प्रत्येक डावपेचापासून शिकतो. त्यामुळे त्याच्यावर तीच युक्ती दुसऱ्यांदा चालत नाही.

नोरा फ्रीझचे स्थान

नव्या पूर्वकथेचा सारा भार नोरावर असला, तरी मूळ भागात ती प्रामुख्याने काचेआडची निश्चल आकृती म्हणून दिसते. तिला गोठवण्याचा निर्णय पतीचा आहे आणि तिच्या नावावर घडणारे गुन्हेही त्याचेच आहेत. तिची स्वतःची इच्छा काय असावी, हा प्रश्न नंतरच्या लेखकांनी निरनिराळ्या प्रकारे हाताळला.

२००० च्या दशकातील कॉमिक्समध्ये नोरा पुनर्जीवित होऊन 'लाझारा' ह्या नावाने पतीच्याच विरोधात उभी राहते. २०१२ मधील 'बॅटमॅन' वार्षिकांकात स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन चौथे यांनी संपूर्ण पूर्वकथाच उलटवली. त्यांच्या कथेत नोरा ही व्हिक्टरची पत्नी नसून अनेक दशकांपूर्वी गोठवलेली एक अनोळखी स्त्री आहे. तिच्यावर संशोधन करता करता व्हिक्टरच्या मनात ती आपली पत्नी असल्याचा भ्रम निर्माण झालेला असतो. ह्या बदलाने पात्राबद्दलची सहानुभूती जवळजवळ नाहीशी केली. पुढील काळात नोरा पत्नी असल्याची मांडणी पुन्हा रूढ झाली. २०१९ मधील 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या कथानकात नोरा शुद्धीवर येते, पतीसारख्याच शक्ती प्राप्त करते आणि स्वतःची वेगळी वाट धरते.

'बॅटमॅन: आर्खम नाइट' (२०१५) ह्या गेमच्या पुरवणी कथेत याहून निराळे उत्तर आढळते. तेथे जागी झालेली नोरा पुन्हा गोठण्यास नकार देते आणि उरलेले दिवस पतीसोबत घालवण्याचे ठरवते. व्हिक्टर तिचा निर्णय मान्य करतो.

वैज्ञानिक पार्श्वभूमी

भौतिकशास्त्रानुसार 'थंडी' हा स्वतंत्र पदार्थ वा किरण नाही. एखादी वस्तू थंड करणे म्हणजे तिच्यातील उष्णता काढून घेणे होय. ही उष्णता नष्ट होत नाही, ती अन्यत्र सोडावी लागते. घरगुती फ्रीजची मागील बाजू गरम लागते, ती ह्याच कारणामुळे. एक किलो पाण्याचे बर्फ होताना सुमारे ३,३४,००० ज्यूल उष्णता बाहेर पडते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ४२ किलो पाणी धरल्यास, केवळ ते गोठवण्यासाठी सुमारे १.४ कोटी ज्यूल उष्णता काढावी लागेल. फ्रीझची बंदूक ही उष्णता क्षणार्धात कोठे सोडते, याचे स्पष्टीकरण कथांमध्ये दिले जात नाही. तापमानास खालची मर्यादाही आहे. उणे २७३.१५ अंश सेल्सियस ह्या निरपेक्ष शून्याखाली कोणतीही वस्तू थंड होऊ शकत नाही.

मानवी शरीराचे आंतरिक तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. ते ३५ अंशांखाली गेल्यास जीवास धोका निर्माण होतो. पेशींतील पाणी गोठताना तयार होणारे स्फटिक ऊतींना इजा करतात. हिमदंशामागेही हेच एक कारण असते. उत्तर अमेरिकेतील वुड फ्रॉग हा बेडूक शरीरातील ग्लुकोजचे प्रमाण वाढवून ही हानी मर्यादित ठेवतो आणि अंशतः गोठूनही वसंतात पुन्हा हालचाल करू लागतो. प्रयोगशाळांत मानवी भ्रूण उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवता येतात, परंतु संपूर्ण मानवी देह गोठवून पुन्हा जिवंत करणे आजवर साध्य झालेले नाही.

तरीही भविष्यातील उपचारांच्या आशेने मृतदेह अतिशीत अवस्थेत जतन करण्याची 'क्रायोनिक्स' ही प्रथा अस्तित्वात आहे. रॉबर्ट एटिंजर यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. जानेवारी १९६७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स बेडफर्ड यांचा देह मृत्यूनंतर अशा प्रकारे जतन करण्यात आला. नोराची कथा ह्याच आशेवर उभी आहे. फरक इतकाच की नोराला मृत्यूपूर्वी गोठवले जाते.

अन्य शीतशक्तीधारी खलपात्रे

थंडी आणि विध्वंस यांचा संबंध कॉमिक्सहून जुना आहे. नॉर्स पुराणकथांत इमिर हा आद्य राक्षस निफ्लहाइमचे हिम आणि मस्पेलहाइमची उष्णता यांच्या भेटीतून जन्मतो. मार्व्हल कॉमिक्समधील थॉरचे शत्रू असलेले हिमराक्षस ह्याच परंपरेतून आले आहेत. डीसी कॉमिक्समध्ये आयसिकल हे खलपात्र १९४७ मध्ये, म्हणजे मिस्टर झीरोच्या १२ वर्षे आधी आले. १९५७ मध्ये आलेला कॅप्टन कोल्ड हा अतिवेगवान फ्लॅशचा शत्रू आहे. वेगाने धावणाऱ्या नायकासमोर गती गोठवणारा खलनायक, अशी ही सरळ विरोधाची योजना होती. मार्व्हलच्या 'टेल्स ऑफ सस्पेन्स'मध्ये १९६३ साली आलेला ग्रेगर शापांका अमरत्वाच्या संशोधनासाठी पैसा मिळवण्याच्या खटपटीत गुन्हेगार बनतो. १९७८ मधील किलर फ्रॉस्ट ही सजीवांच्या देहातील उष्णता शोषून जगते.

शीतशक्ती ही खलत्वाचेच लक्षण मानली जात नाही. १९६३ पासून 'एक्स-मेन'मध्ये असलेला आइसमॅन हा नायक आहे. खलपात्रांपुरते पाहिल्यास मात्र थंडी बहुधा शस्त्र वा दैवी सामर्थ्य म्हणून येते. फ्रीझच्या बाबतीत तीच थंडी पत्नीचे प्राण राखणारी आणि त्यास तिच्यापासून कायम दूर ठेवणारीही आहे. तो तिला वाचवू शकला, तरी उबदार माणसांच्या जगात तिच्यासोबत राहू शकत नाही. पूर्वकथेचे तपशील वारंवार बदलूनही बहुतांश रूपांतरांनी हा पेच कायम ठेवला आहे.