आधी वारा

सोनेरी पिवळ्या रंगाचा टनर सिमेंटच्या दोन ओट्यांवर आडवा ठेवला होता. लांबी दोन मीटरच्या आसपास, दोन्ही तोंडं आतल्या बाजूला दबलेली, एका तोंडावर लोखंडी टोपाखाली दोन व्हॉल्व्ह. भरलेला असता तर आत 900 किलो क्लोरिन असता आणि टनरच्या लोखंडासकट वजन दीड टनाच्या घरात गेलं असतं. हा रिकामा, सरावासाठी आणलेला. वरूड तालुक्यातल्या एका जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात अग्निशमनचे जवान, केंद्रावरचे ऑपरेटर आणि वॉलमन त्याच्याभोवती उभे होते. आंबिया बहाराची तोड सुरू होती आणि कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून संत्र्याच्या गाड्या जात होत्या.

शिकवायला आलेले अधिकारी अग्निशमन सेवेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी टनरला हातही लावला नाही. पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा. गॅस सुटल्याचा फोन आला, तर बंब कुठे उभा कराल? एका तरुण जवानाने लगेच फाटकाकडे बोट केलं. तिथून क्लोरिनची खोली सगळ्यांत जवळ. साहेबांनी खाली वाकून मूठभर माती उचलली आणि खांद्याच्या उंचीवरून हळूहळू सोडली. धूळ सरळ फाटकाकडे गेली.

बाजूला उभ्या असलेल्या वॉलमनकाकांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "मंग पयाचं कोनिकडं?"

ढगात सापडलात तर वाऱ्याच्या आडवं आणि चढाकडे, हे उत्तर. वाऱ्याबरोबर पळणारा माणूस गॅसच्या सोबतच पळत राहतो. आणि मदतीला येणाऱ्याने वाऱ्याच्या पाठीकडूनच यायचं, मग त्यासाठी गावाला वळसा घालावा लागला तरी चालेल. आगीच्या वर्दीवर जाणाऱ्या माणसाला हे जड जातं. आजवर त्याला मिनिटामिनिटाचा हिशेब शिकवलेला असतो, आणि इथे सांगितलं जातं की आधी थांब, वारा बघ, मग ये. हा थांबा मला त्या दिवशी सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि शिकायला सर्वांत कठीणही.

क्लोरिन हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड आहे. तो वर जात नाही, उतार शोधतो. नाल्यात उतरतो, विहिरीत साचतो, घराच्या उंबऱ्यावरून आत शिरतो. या भागात शेतोशेती विहिरी आहेत, गावाच्या अंगाने चुडामण नदीचं पात्र आहे, ओढे-नाले आहेत. हिवाळ्यात पहाटे हवा पडलेली असते, जमिनीलगत थंडावा दाटलेला असतो. तशा वेळी सुटलेला गॅस विरत नाही, तासन्‌तास जमिनीवर पसरून राहतो. म्हणूनच क्लोरिनच्या खोलीतला पंखा छताजवळ नसतो. हवा ओढून घेणारं तोंड फरशीलगत असावं लागतं आणि त्याचं बटण दाराबाहेर.

टनरमध्ये क्लोरिन दाबाखाली द्रवरूपात असतो. मोकळ्या हवेत तो उणे 34 अंशालाच उकळतो, आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरहून जास्त गॅस होतो. पुढची सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे. आडव्या टनरचे दोन व्हॉल्व्ह एकाखाली एक ठेवले, तर वरच्यातून गॅस येतो आणि खालच्यातून द्रव. गळती खालच्या अंगाला असेल, तर त्याच भोकातून द्रव बाहेर पडतो आणि बाहेर पडल्यावर फुगतो. म्हणून पहिलं काम भोक बुजवणं नाही, टनर फिरवणं आहे. गळकी जागा वर आली की तिथून फक्त गॅस निघतो आणि सुटणारा माल कितीतरी पटींनी घटतो. जवानांनी पहारी लावून रिकामा टनर फिरवला, तरी घाम फुटला. भरलेल्याला चेन-पुली लागेल, हे कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

मग पाण्याचा विषय निघाला आणि तिथे बराच वेळ गेला. हातात नळी असलेल्या माणसाला पाणी मारू नको म्हणणं सोपं नाही. पण गळतीच्या जागेवर पाणी पडलं की क्लोरिन आणि पाणी मिळून आम्ल तयार होतं, ते लोखंड खातं, आणि सुईएवढं भोक बघता बघता रुंदावतं. दुसरं कारण माझ्यासाठी नवं होतं. गॅस सुटताना टनर स्वतःच गार होत जातो, अंगावर बर्फाची साय धरते, आतला दाब उतरतो, गळती मंदावते. त्यावर पाणी ओतणं म्हणजे त्याला ऊब देणं. गारठून मंदावलेला गॅस पुन्हा जोराने सुटतो. टनर पाण्याच्या टाक्यात ढकलायचा, हा जुना समजही त्यांनी खोडून काढला. पाण्याचा फवारा लांबवर, ढगाच्या वाटेवर पडद्यासारखा धरता येतो, पण क्लोरिन पाण्यात फार विरघळत नाही, त्यामुळे त्या पडद्यावर भरवसा ठेवायचा नाही. शीतगृहातल्या अमोनियाची गोष्ट वेगळी. तो पाण्यात भरभरून विरघळतो, फवाऱ्याने वाफ खाली बसते. मात्र सांडलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारलं की तो उसळून आणखी वाफ सोडतो. म्हणजे कुठला गॅस आहे हे कळल्याशिवाय नळी उघडायचीच नाही.

वॉलमनकाकांनी आपल्या पोरांना हे दोन वाक्यांत सांगितलं: "पाणी मारू नका रे पोट्टेहो. टाकी सडते अन् भोक मोठ्ठं होते."

श्वास घेण्यासाठीचा बीए सेट पाठीवर चढवायची वेळ आली तेव्हा गप्पा थांबल्या. सहा लिटरचा सिलिंडर, 300 बार दाबाने भरलेला, म्हणजे साधारण 1800 लिटर हवा. शांत बसलेल्या माणसाला ती बराच वेळ पुरते. अंगावर बंद सूट, हातात पाना, समोर जड लोखंड असेल तर अर्धा तासही कठीण. त्या अर्ध्या तासात जाणं आलं, काम आलं, परत येणं आलं, आणि बाहेर आल्यावर सूट धुऊन होईपर्यंत मुखवटा काढता येत नाही, तो वेळही आला. दाब 55 बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते. ती वाजल्यावर निघायचं नसतं, तिच्या आधीच निघालेलं असायला हवं. आत जोडी जाते, एकटा कधीच नाही, आणि तितकेच जण सेट चढवून बाहेर तयार उभे असतात. दाराशी एक जण पाटीवर नाव, दाब आणि आत गेल्याची वेळ लिहीत होता. सगळ्या सरावात मला त्याचं काम सर्वांत जबाबदारीचं वाटलं.

गळती शोधायला डोळ्यांवर विसंबत नाहीत. अमोनियाच्या बाटलीचं तोंड व्हॉल्व्हजवळ नेतात. जिथे क्लोरिन सुटत असेल तिथे पांढरा धूर उठतो. तो धूर म्हणजे नवसागर. अशी गळती पुष्कळदा व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, ग्लँड नटपाशी सापडते, आणि पान्याच्या एका हलक्या आवळणीने थांबते. नाही थांबली तर इमर्जन्सी किट. व्हॉल्व्हवर बसणारा टोप, त्याखालचं गॅस्केट, टोप दाबून धरणारा पट्टा. टनरच्या दोन्ही तोंडांना वितळणारे प्लगही असतात, 70 अंशांच्या थोडं वर गेले की वितळणारे, म्हणजे आगीत टनर फुटू नये. तेही गळू शकतात आणि त्यांच्यासाठी वेगळी टोपी येते. जाड हातमोजे घालून, मुखवट्याच्या काचेवर वाफ धरलेली असताना तो पट्टा सरळ बसवायला जवानांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागले. इथे घाई करणाऱ्याच्या हातून गॅस्केट तिरपं बसतं. काहीच जमलं नाही, तर सुटणारा गॅस पाइपने कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडायचा. एका किलो क्लोरिनला हिशेबाने 1.13 किलो सोडा, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. पाण्यात कालवलेला चुनाही चालतो, पण सावकाश.

सोडा आणि चुना हाताशी असावा लागतो, फोन करून मागवायला वेळ नसतो. मुंबईत 14 जुलै 2010 च्या पहाटे शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या क्लोरिनच्या सिलिंडरांपैकी एक गळायला लागला. शंभराहून जास्त माणसं रुग्णालयात गेली, त्यांत अग्निशमनचे जवानही होते. तिथे मोठं शहर होतं, मोठी रुग्णालयं होती. आपल्या तालुक्यात तसं काही झालं, तर?

माहितीची वाण इथे नाही. सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही तिथेच, 1957 पासून. क्लोरिनच्या सिलिंडरची दर दोन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हायला हवी, ती तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते, आणि कुठलाही ऑपरेटर ती वाचू शकतो. पण नागपूर इथून नव्वद-शंभर किलोमीटर. याच तालुक्यात, झुंजला 14 सप्टेंबर 2021 रोजी वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले, तेव्हा बाहेरून आलेल्या पथकांना पुढचे काही दिवस शोध घेण्याचंच काम उरलं होतं. गॅसच्या बाबतीत पहिला अर्धा तास गावातल्याच माणसांचा असतो. म्हणून बीए सेट आणि किट तालुक्यातच हवेत, केंद्रावर हवेत, आणि क्लोरिनच्या खोलीबाहेर हवेत. खोलीच्या आतल्या खिळ्यावर टांगलेला मुखवटा आणायला कोण आत जाणार?

दवाखान्यातल्या माणसांनाही यात धरलं पाहिजे. क्लोरिन डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्याशी मिळून जाळतो, ते लगेच कळतं. फुप्फुसात पाणी भरणं मात्र काही तासांनी सुरू होऊ शकतं. खोकला थांबला म्हणून घरी पाठवलेला माणूस रात्री धाप लागून परत येतो. त्यावर उतारा असा नाही. ऑक्सिजन द्यायचा, विश्रांती द्यायची, नजर ठेवायची. आधी कपडे उतरवून अंग आणि डोळे भरपूर पाण्याने धुवायचे. पाण्याचं खरं काम इथे आहे. सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना गॅसचं नाव सांगायचं, नुसतं 'गॅस लागला' म्हणून चालत नाही.

सराव आटोपल्यावर हजेरी लिहिली जात होती. वॉलमनकाका सही करायला पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, गॅस काय दिवसाच सुटते का? आमची पाळी त रातची. एक डाव रातीचं घ्या."

साहेबांनी वहीचं पान उलटलं, रात्रपाळीच्या ऑपरेटरांची नावं मागवून घेतली आणि पुढच्या सरावाची वेळ पहाटे चारची लिहिली.