जांघेत अडकलेलं आतडं

जांघेतला हर्निया आडवं पडलं की आत जातो, म्हणून अनेक जण तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात. मग एक दिवस तो आत जातच नाही. गाठ कडक होते, दुखते, उलट्या सुरू होतात. अशा वेळी चोळणं, शेकणं, जोराने दाबणं नको. रात्र असली तरी रुग्णालय गाठावं. पोटाच्या भिंतीतल्या फटीत आतड्याचा वेढा अडकलेला असतो. आधी शिरा दाबल्या जाऊन तो सुजतो, मग धमन्यांतलं रक्तही थांबतं आणि काही तासांत आतडं मरू लागतं. मांडीच्या मुळाशी येणारा फीमोरल हर्निया यात अधिक घातकी, कारण त्याची वाट फार अरुंद. तो बायकांमध्ये जास्त आढळतो.

ऑपरेशनसाठी भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि अडकलेलं आतडं कधी कधी आपणहून पोटात निसटतं. ते जिवंत आहे की काळं पडलंय, हे जांघेवरच्या चिरेतून पाहणं अवघड. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनचं खरं मोल मला इथेच वाटतं. बेंबीजवळून कॅमेरा आत गेला की सर्जन निसटलेला वेढा शोधू शकतो. अजून अडकलेला असेल तर फट थोडी रुंद करून सोडवतो. फट झाकायला आतून जाळी बसवेपर्यंत आतड्याला सावरायला वेळ मिळतो. जांभळा रंग गुलाबी झाला, हालचाल परतली, तर ते वाचलं. नाहीतर तेवढा भाग कापावा लागतो, आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने कृत्रिम जाळी बहुधा टाळली जाते.

पोट फार फुगलेलं किंवा रक्तदाब ढासळलेला असेल, तर मात्र सर्जन सहसा उघड्या ऑपरेशनकडेच वळतात.