उंदीर, ताप आणि तारीख

सुट्टी संपवून जूनमध्ये आपण होस्टेलवर परत येतो, रूमचं कुलूप उघडतो आणि कॉटखाली पहिलं दर्शन कोणाचं होतं? गणपतीबाप्पाच्या वाहनाचं! निदान त्याच्या लेंड्यांचं तरी. मग आपण काय करतो? झाडू उचलतो आणि धूळ उडवत सगळं झाडून मोकळे होतो. मित्रमैत्रिणींनो, यंदापासून असं करू नका. का, ते सांगण्यासाठी आधी जरा लांब जाऊन यावं लागेल.

उंदरांपासून होणारा आजार म्हटलं की आपल्याला ‘लेप्टो’ आठवतो. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, त्यानंतर तिथे लेप्टोची मोठी साथ आली. उंदरांच्या लघवीतले जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून आपल्या शरीरात शिरतात. पण लेप्टो हा बॅक्टेरिया आहे. त्याच्यावर अँटिबायोटिक चालतं. उंदरांकडे व्हायरसही असतात आणि व्हायरसवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) सुरुवातीला दोन्ही ताप सारखेच दिसतात: थंडी, डोकेदुखी, अंगदुखी. चेहऱ्यावरून ओळखणं कठीण, म्हणून टेस्ट लागते.

कोरियातला उंदीर

१९५० ते १९५३ या काळात कोरियात युद्ध चालू होतं. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून जास्त सैनिकांना एक विचित्र ताप आला. किडनी बंद पडत होती, रक्तस्राव होत होता. कारण मात्र सापडेना. ते सापडायला १९७६ साल उजाडलं. हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञाने या तापातून बरे झालेल्या पेशंटचं रक्तद्रव घेतलं आणि शेतातल्या उंदराच्या फुप्फुसाच्या पातळ कापांवर टाकलं. रक्तात त्या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडीज होत्या. त्या जिथे जाऊन चिकटल्या, ती जागा मायक्रोस्कोपखाली चमकली! म्हणजे बघा, व्हायरस शोधायचं यंत्र पेशंटच्या रक्तातच तयार झालं होतं. हंतान नदीवरून त्या व्हायरसचं नाव पडलं हंतान, आणि पुढे त्या सगळ्या कुटुंबाला हंताव्हायरस म्हणू लागले.

हा व्हायरस उंदराच्या लघवीत, विष्ठेत आणि लाळेत असतो. ती वाळते, धुळीत मिसळते, धूळ उडते आणि श्वासाबरोबर आत जाते. आता झाडूचा मुद्दा कळला ना? १९९३ साली अमेरिकेच्या नैऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून दगावली, तेव्हा तिथल्या घरांतल्या उंदरांमध्ये याच कुटुंबातला दुसरा व्हायरस सापडला.

वेलोरची चिचुंद्री

पण या गोष्टीत एक भारतीय प्रकरण आधीच घडून गेलं होतं. १९६४ साली तामिळनाडूतल्या वेलोर इथे एका चिचुंद्रीतून एक अनोळखी व्हायरस वेगळा केला गेला. तिथल्याच एका भागावरून त्याचं नाव ठेवलं थोट्टापालयम. तो कुठल्या कुटुंबातला हे कोणालाच सांगता येईना. पुढे हंतान सापडला, तुलना झाली आणि कळलं की वेलोरचा हा पाहुणाही हंताव्हायरसच! म्हणजे हंतानच्या बारा वर्षं आधी तो आपल्या फ्रीझरमध्ये येऊन बसला होता. (चिचुंद्री शास्त्राप्रमाणे उंदीर नव्हेच, पण ते राहू दे.) हा व्हायरस माणसाला आजारी पाडतो असा ठोस पुरावा नाही. तरी धडा मोठा आहे: जुळवून बघायला काही नसेल, तर हातात असलेली गोष्टसुद्धा ओळखता येत नाही. पुढे वेलोरच्याच संशोधकांना दक्षिण भारतातल्या काही माणसांच्या रक्तात हंताविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडल्या. मुद्दाम शोधल्या, म्हणून सापडल्या.

शेजारच्या जिल्ह्यातला माकडताप

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या खालच्या जिल्ह्यात या. २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे पेशंट सापडले. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो झाला होता. याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आताची एनआयव्ही) हा व्हायरस शोधून काढला.

नाव माकडाचं असलं तरी व्हायरस टिकून राहतो तो रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडींत. माकड बिचारं आपल्यासारखंच बळी पडतं. गोचीड चावली की माणसाला ताप येतो. माणसाकडून माणसाला मात्र हा होत नाही. लेप्टो पावसाळ्यातला, तर माकडताप डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांतला, म्हणजे ऐन काजूच्या सीझनमध्ये.

टेस्ट नेमकं काय शोधते?

आता आपल्या भाषेत बोलू. पीसीआर म्हणजे अॅम्प्लिफायर. व्हायरसच्या जनुकाचा एक तुकडा दर सायकलला दुप्पट होतो. तीस सायकलमध्ये एकाचे जवळजवळ १०७ कोटी! पण इनपुटच शून्य असेल तर आउटपुट कुठून येणार? व्हायरस रक्तात असतो साधारण पहिल्या आठवड्यात. नंतर शरीर त्याला हुसकावतं आणि पीसीआर निगेटिव्ह येते.

दुसरी टेस्ट एलायझा. ती व्हायरस शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीज शोधते. त्या असल्या तर प्लेटवर रंग येतो. पण अँटिबॉडी बनायलाही दिवस लागतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी एलायझा केली तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि पेशंट बिनधास्त होतो. लेप्टोच्या अँटिबॉडी टेस्टचंही असंच आहे.

म्हणजे ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ या दोन शब्दांना तसा अर्थ नाही. कोणती टेस्ट, कशासाठी, तापाच्या कितव्या दिवशी, हे तिन्ही कळलं तरच अर्थ आहे. म्हणूनच लेप्टोचा संशय असला तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात.

माकडतापावर तसं खास औषध नाही. मग टेस्ट कशाला? तर ती एका पेशंटसाठी नसून अख्ख्या गावासाठी असते. एक पॉझिटिव्ह आला की कुठल्या रानात धोका आहे ते कळतं, मेलेल्या माकडांवर लक्ष ठेवता येतं, गोचिडी तपासता येतात, लोकांना अंगाला लावायला गोचीड पळवणारं औषध देता येतं. पब्लिक हेल्थमध्ये डिटेक्शनचा खरा उपयोग हा आहे.

मग आपण काय करायचं?

रूम उघडल्यावर आधी दारं-खिडक्या अर्धा तास उघडी ठेवा. लेंड्यांवर ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू नको. मेसच्या काका-मावशींना विनंती, कोठीतलं धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात चप्पल घालून फिरू नका, गमबूट घाला. काजूच्या बागेतून आलात तर अंगावर गोचीड आहे का ते बघून गरम पाण्याने आंघोळ करा.

आणि सर्वात महत्त्वाचं. ताप आला की आपण क्रोसिन घेतो, दोन दिवस पडून राहतो, नाहीतर एसटी पकडून घर गाठतो. तिथले डॉक्टर विचारतात, ‘ताप कधीपासून?’ आणि आपण म्हणतो, ‘झाले तीन-चार दिवस.’ तीन की चार, यावर कोणती टेस्ट करायची ते ठरू शकतं! तेव्हा मोबाईलमध्ये सबमिशनच्या तारखा टाकता तशी ताप सुरू झाल्याची तारीखही टाका. पाण्यात उतरलात, उंदीर दिसले, रानात गेलात, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा. रूममेट तापाने फणफणला असेल तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा. लॅबमधलं मशीन कितीही भारी असलं तरी ही माहिती त्याला देणारे आपणच आहोत.